बसते

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबांचा मेसेज आला. एक फोटो आणि त्याखाली एक शब्द. बसते. मी तेव्हा अमरावतीच्या आयटीआयमध्ये, वर्कशॉपच्या मधल्या टेबलाशी, बावीस पोरांना क्लच उघडून दाखवत होते. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून करंगळीनं मोबाइल उघडला आणि तो शब्द वाचला. फोटोत काहीतरी काळं, वाटोळं, तेलकट होतं. मोठा करून पाहिला नाही. इंजिनं मी आयुष्यात कमी पाहिलीत का? शब्दच पुरेसा होता. कानशिलं एकदम तापली. समोरच्या पोरानं साधंच विचारलं, "मॅडम, हे प्लेट उलटी लागली तं काय होते?" तर मी त्याच्यावर खेकसले, "लावून पाहा, मग कळेल काय होतं ते." बावीसच्या बावीस पोरं माझ्याकडं पाहायला लागली. त्यांच्या मॅडम सहसा खेकसत नाहीत. मी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर गुडघ्यानं ढकलून बंद केला आणि पुन्हा क्लचकडे वळले, पण स्प्रिंग दोनदा हातातून सुटली.

रागाचं वरवरचं कारण दोन दिवसांचं होतं. खालचं अठ्ठावीस वर्षांचं. आधी वरचं सांगते. माझे वडील, बुधाजी मिस्त्री, अकोल्यात डाबकी रोडला गॅरेज चालवतात, चाळीस वर्षं झाली. दर रविवारी मी फोन करते. त्यांचे हात तेलाचे असतात म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं म्हणजे अख्ख्या गॅरेजशी बोलणं. त्या रविवारी कळलं की हिवरखेडच्या खुशालरावांच्या गाडीचं इंजिन जाम झालंय, आणि त्यांनी भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन उचलून आणलंय. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या सोमवारी, गाडी तातडीनं हवी. मी विचारलं, "कोण्या सालचं हाय ते?" बाबा म्हणाले, "सतराचं. गाडीही सतराची, इंजनही सतराचं." "नंबर पाहिला?" "नंबराची जागा गंजून गेली. पण ज्या गाडीतून काढलं तिचा कागद हाय ना. पाडव्याचं पासिंग हाय." इथं मला बोलणं भागच होतं. कंपनीनं सोळा साल संपता संपता या इंजिनात बदल केला. बाहेरून दोन्ही सारखीच, त्याच जागेत जातात, बोल्टही त्याच भोकांत लागतात. आत मात्र क्रँकपासून सगळं वेगळं, आणि गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाचे फेरे मोजतो ते मागच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे त्या मोठ्या चाकाच्या दातांवरून. जुन्याला दात एकशे सोळा, नव्याला एकशे वीस. चुकीचं लावलं तरी गाडी सुरू होते, तीस-चाळीस किलोमीटर मजेत पळते आणि मग भर रस्त्यात हात वर करते. आणि आपल्याकडं गाडी कधी बनली हे कोणी पाहत नाही, घरी कधी आली ते सांगतात. शोरूमच्या मागं आठ महिने धूळ खात उभी असलेली सोळाची गाडी पाडव्याला हार घालून सतराची होते, आणि तिचं इंजिन भंगारात जाईपर्यंत ती सतराचीच राहते. मी म्हणाले, "बाबा, पासिंगवर जाऊ नका. दात मोजा आधी. सोळाचं असंल तं बसत नाई ते." तिकडं कोणीतरी हसलं. खुशालराव असतील, नाहीतर बाबांच्या हाताखालचा अमोल. मग बाबांचा आवाज आला, मोठा, फोनसाठी नव्हे तर भोवतालच्यांसाठी काढलेला. "तुह्या पुस्तकात बसत नसंल. माह्या हातात बसते." आणि फोन बंद झाला.

म्हणजे मंगळवारचा शब्द हे रविवारच्या वाक्याचं शेपूट होतं. इंजिन बसवलं, फोटो काढला आणि पोरीच्या तोंडावर फेकला. बघ, बसते. माणूस सत्तरीचा झाला तरी त्याला चिडवायला पोरगीच लागते. त्यातही चीड याची की दात मोजा, हे मी कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते त्यांनीच मला शिकवलं होतं, मी नऊ वर्षांची असताना, त्याच गॅरेजात, पत्र्याच्या डब्यावर बसवून.

तेव्हा गाड्यांत कॉम्प्युटर नव्हते. पण फ्लायव्हीलचे दात आणि स्टार्टरचे दात जुळले नाहीत तर गाडी चालू करताना असं खरडायचं की शेजारचा चहावालासुद्धा कान झाकायचा. बाबा इंजिन साखळीनं वर उचलून टांगायचे, मला हाक मारायचे, "नीलम, ये बाई, दात मोज." माझी बोटं बारीक, दोन दातांमधल्या खाचेत बरोबर जायची. ते एका दातावर पांढऱ्या खडूनं खूण करायचे आणि मी तिथून सुरू करायची, मोठ्यानं, बोट न उचलता, पुन्हा खडूपाशी येईपर्यंत. मग ते विचारायचे, दोनदा मोजले? एकदाच, मी म्हणायची. पुन्हा मोज, ते म्हणायचे. दोन्ही वेळा आकडा एक आला तरच ते पान्याला हात लावायचे. हे खूळ त्यांना माझ्या आजोबांकडून आलं. आजोबा दुसऱ्याच्या वावरात सालदार होते, स्वतःचा बैल त्यांनी कधी बांधला नाही, पण बैलबाजारात मालक त्यांनाच घेऊन जायचा. दलाल सांगायचा चार वर्षांचा गोऱ्हा आहे, आजोबा काही न बोलता बैलाचं तोंड उघडायचे आणि दोनदाती की सगळे दात येऊन जुळलेला ते सांगायचे. बाबा म्हणायचे, मालकाचं ऐकाचं नाई, कागदाचं ऐकाचं नाई, तोंड उघडून पाहाचं. मला ते इतकं आवडायचं की मी शाळेत बाईंचेही दात मोजले होते आणि मार खाल्ला होता. हाताला येणारा तो डिझेलचा वास मी मुद्दाम धुवायची नाही. जेवताना आई ओरडायची आणि बाबा हसायचे. ते हसणं मी नंतर फारसं पाहिलं नाही, निदान माझ्यासाठी तरी नाही.

मी तेरा वर्षांची झाले आणि एका गिऱ्हाइकानं, स्टुलावर बसून चहा पिता पिता, सहज म्हटलं, पोट्टी मोठी झाली मिस्त्री, अजून गॅरेजातच? एवढंच. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट गॅरेजवर गेले तर माझा पत्र्याचा डबा जागेवर नव्हता. "उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले. मी विचारलं, "काहून?" ते म्हणाले, "काहून म्हणजे काहून." डोकं बोनेटमध्येच होतं, वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन हात साबणानं इतके घासले की कातडी लाल झाली. नंतर मी आयटीआयला मोटार मेकॅनिकलाच नाव घातलं, पूर्ण वर्गात एकटी मुलगी, पुढं डिप्लोमा केला, परीक्षा दिली, निदेशक झाले, आणि यातलं अर्धं तरी त्या एका 'काहून'च्या रागावर केलं. बाबांनी अडवलं नाही. अर्जांवर सह्या केल्या. पण कोणी विचारलं की पोरगी काय करते, तर सांगायचे, मास्तरीन हाय अमरावतीले. कशाची मास्तरीण, ते कधी सांगितलं नाही. मी एकदा समोर उभी होते, कान देऊन ऐकत होते, आता सांगतील, आता सांगतील. त्यांनी विषय पावसाकडं नेला. आणि गॅरेज? ते अमोलला. अमोल अठरा वर्षांपूर्वी हाताखाली शिकायला आला, बाबांना काका म्हणतो, चांगला आहे, हाताला वेग आहे, माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. पण दात मोजणं हे त्याला काकाचं जुनं खूळ वाटतं. या शनिवारी बाबा त्याच्या हाती किल्ली देणार होते, खुशालरावांची गाडी हे त्यांचं शेवटचं काम. मला गॅरेज नको होतं. माझी नोकरी आहे, पेन्शन आहे, मी काय डाबकी रोडला जाऊन पंक्चर काढणार होते? मला फक्त एकदा त्यांनी विचारायला हवं होतं. कशाबद्दलही. नीलम, तुले काय वाटते, एवढं. एकेचाळीस वर्षांत त्या माणसानं मला एक प्रश्न विचारला नाही. जेवली का, एवढाही नाही. "जेवून घे" म्हणतात.

आणि तो शब्द. मला त्या शब्दाचाच तिटकारा आहे. पुण्याला ट्रेनिंगला गेले तेव्हा तिथले साहेब म्हणाले, मॅडम, बसतं म्हणा, बसते नाही. मी म्हणाले, आमच्याकडं सगळंच बसते. खरंच बसतं. नट चढेना तर हातोडी मारून बसते. पँट घट्ट झाली तर श्वास ओढून बसते. आठ जणांच्या ऑटोत अकरावा माणूस बसते. माझं लग्न याच शब्दावर झालं. पोरगा बँकेत, पोरगी सरकारी नोकरीत, दोघंही सावळे, बसते. मामा म्हणाले बसते, आत्या म्हणाली बसते, बाबा तर बोनेटमध्ये डोकं घालून हो म्हणावं तसं हो म्हणाले. कोणी तोंड उघडून पाहिलं नाही. अडीच वर्षं ते लग्न खरडत चाललं आणि मग तो नागपूरला आणि मी इथं. भांडणसुद्धा धड झालं नाही. त्याच्याबद्दल मला आता राग नाही, कारण त्याच्याकडून मला काही हवंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. पण या शब्दाची गंमत अशी की इंजिन नीट लागलं तरी आपण म्हणतो बसलं, आणि इंजिन कायमचं जाम झालं तरी म्हणतो बसलं. एकाच शब्दात जुळणं आणि मरणं. मी पोरांना हे वर्गात सांगते तेव्हा ती हसतात. मी पण हसते.

मंगळवारी मी उत्तर दिलं नाही. वाचलं आहे हे त्यांना दोन निळ्या खुणांवरून कळणारच होतं, आणि ते कळावं अशीच माझी इच्छा होती. वाचलं, आणि उत्तर देण्याच्या लायकीचं वाटलं नाही. बुधवारी सकाळी चहा घेताना मी त्यांचं नाव उघडलं तर वर लिहिलेलं, ऑनलाइन. बाबा आणि ऑनलाइन. अमोलनं बळंच घेऊन दिलेला मोबाइल, ज्यावर ते फक्त फोन उचलतात. मला वाटलं, माझं तोंड कसं पडलंय ते पाहायला बसलेत. मी लिहायला घेतलं. 'अभिनंदन. गाडी रस्त्यात बंद पडली की कळवा.' पुसलं. 'तुम्ही कधी कोणाचं ऐकलंय?' पुसलं. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत पुन्हा उघडलं, पुन्हा ऑनलाइन. या वेळी लांबलचक लिहिलं, पत्र्याच्या डब्यापासून मास्तरीणपर्यंत सगळं, वीस मिनिटं अंगठे चालवले, आणि वाचून पाहिलं तर एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीनं लिहिल्यासारखं वाटलं. तेही पुसलं. शुक्रवारी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. माझ्या रागाला शब्द पुरत नव्हते आणि त्यांना एकच पुरला होता, याचाही राग आला. शनिवारी मी जाणार नव्हते. किल्ली द्यायचा समारंभ म्हणे. मग सकाळी उठून साडी नेसले, ती सोडली, रोजचा ड्रेस चढवला आणि अकोल्याची एसटी पकडली. शुभेच्छा द्यायला नाही. तोंडावर बोलायला.

एप्रिलचं ऊन दहा वाजताच खिडकीच्या दांडीला चटका देत होतं. बडनेरा गेलं. दोन्ही बाजूंना काळी वावरं नांगरून उघडी पडलेली, ढेकळं तापून पांढरट झालेली. शेजारच्या बाईनं विचारलं, अकोल्याले माहेर काय? मी हो म्हणाले आणि खिडकीकडं तोंड केलं. मनात भाषण चाललं होतं. पहिलं वाक्य ठरलं होतं: तुमच्या हातात सगळंच बसते, बाबा, फक्त मी बसले नाही. मूर्तिजापूरपर्यंत ते वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की गुळगुळीत झालं, मग बदललं. एसटीचा तिसरा गिअर पडताना कण्हत होता. आपोआप कान तिकडं गेला, आणि बोनेटमध्ये डोकं घातलेले बाबा आठवले, डोळे मिटून इंजिन ऐकणारे. मला आठवायचं नव्हतं. मी मुद्दाम रिकामी जागा आठवली, जिथं माझा डबा असायचा. राग टिकवायलाही मेहनत लागते. बोरगाव मंजू येईपर्यंत मी तो पुन्हा पुरता तापवून घेतला होता.

गॅरेजसमोर उतरले तेव्हा पहिली नजर साखळीवर गेली. ती रिकामी होती. आकडा नुसताच हलत होता. खाली तेलाचा डाग, गाडी नाही, इंजिन नाही. म्हणजे बसवलं, गेली गाडी, समारंभही झाला असेल. अमोल दाराशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता, पण पुडा न उघडलेला. बाबा आत स्टुलावर बसले होते, मांडीवर मोबाइल. मला पाहून उठले नाहीत. डोळे बारीक करून पाहिलं, कोण आहे ते ओळखल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आली? पाणी पी."

"गेली वाटते गाडी," मी म्हणाले. "बसलं न मंग शेवटी?"

अमोलनं माझ्याकडं असं पाहिलं की त्यानं माझ्याकडं तसं कधीच पाहिलं नव्हतं. "ताई, एक सांगू? तुमी उत्तर तरी द्याचं. हो तं हो, नाई तं नाई. खुशालराव रोज येऊन काकाले वाट्टेल ते बोलून जाये. काल संध्याकाळी गाडी अन् इंजन दोन्ही उचलून बायपासच्या गॅरेजले घेऊन गेले. म्हणे, पोरीच्या उत्तराची वाट पाहाले मी रिकामा नाई."

"कायचं उत्तर?"

"काकानं विचारलं व्हतं ना तुमाले."

"कधी?"

"मंगळवारी. माह्यासमोर टाकला मेसेज. एका बोटानं, पाच मिनिट लागले. तवापासून इंजन टांगूनच होतं. मी म्हटलं बसवून टाकतो, तं हात लावू देला नाई. म्हणे, नीलमचं येऊ दे."

मी बाबांकडं वळले. भाषणाचं पहिलं वाक्य कुठं गेलं कोणास ठाऊक. "तुमी विचारलं नाई, बाबा. तुमी सांगितलं. बसते, असं लिवलं तुमी."

"तेच त विचारलं," ते म्हणाले. आणि मग तो शब्द त्यांनी तोंडानं म्हटला. "बसते?" शेवटचा 'ते' किंचित वर गेला. बस एवढंच. आमच्याकडं असंच विचारतात. येते? जाते? चहा पेते? जन्मभर मी हा वर जाणारा आवाज ऐकत आले, आणि स्क्रीनवर तो वर गेला नाही, कारण स्क्रीनवर आवाज नसतो, आणि त्या शब्दापुढं त्यांनी काहीच टाकलं नव्हतं. पूर्णविराम माझा होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते नंतर. आधी रागच आला, चार दिवसांचा नाही, सगळाच्या सगळा, आणि तो आता कोणाच्या अंगावर टाकावा ते कळेना. "'का' लावता येत नव्हता?" मी म्हणाले, आणि माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार कारण चहावाल्यानं वळून पाहिलं. "एक अक्षर, बाबा. बसते का. एक अक्षर लावता येत नव्हतं तुमाले?"

"'का' लावाची सवय नाई मले," ते म्हणाले.

अगदी सरळ म्हणाले. मॉडेल सांगावं तसं. मग मोबाइल बोटानं पुसत राहिले. "तू लिवून राहिली असं वर दिसे. मी पाहत बसो. मंग बंद होये. पुन्हा दिसे, पुन्हा बंद होये. मले वाटलं मोजून राहिली. एवढे दात, वेळ लागंल."

मी तिथंच मोबाइल काढला. मंगळवारचा फोटो उघडला आणि पहिल्यांदा दोन बोटांनी मोठा केला. टांगलेल्या इंजिनाची मागची बाजू, फ्लायव्हील पूर्ण, समोरून, उजेडात धरून काढलेलं. दात चिंध्यांनी पुसून स्वच्छ केलेले. आणि वरच्या एका दातावर, ठळक, पांढरी, खडूची खूण.

"अमोलनं नाई मोजले?" मी विचारलं, कारण काहीतरी बोलायचं होतं.

"मोजले. त्याले पायजे व्हते तेवढे आले." अमोलनं मान खाली घातली. "मी मोजले तं एक डाव एकशे पंधरा आले, एक डाव एकशे अठरा. मोजता मोजता डोळ्यात पाणी येते, खूण सुटून जाते." त्यांनी डोळे पुसले नाहीत. ते नुसते पांढुरके होते, बुबुळावर साय धरल्यासारखे, आणि हे किती महिन्यांपासून होतं, ते मला माहीत नव्हतं. मी दर रविवारी फोन करत होते. फोनवर डोळे दिसत नाहीत. खुशालरावांसमोर, स्पीकरवर, पोरीनं दात मोजा म्हटल्यावर हा माणूस काय म्हणणार होता? दिसत नाई मले? म्हणून माह्या हातात बसते म्हणाले, आणि दोन दिवसांनी, खडूनं खूण करून, मला हाक मारली.

मी मोजायला लागले. डब्यावर नाही, उभ्यानंच, मोबाइलच्या काचेवर नखानं, एकेक दात. मोठ्यानं. अमोल जवळ येऊन उभा राहिला. बाबा ओठ हलवत होते, माझ्याबरोबर. एकशे चौदा, एकशे पंधरा, आणि नख खडूच्या खुणेला टेकायच्या आधीचा शेवटचा दात.

"एकशे सोळा," मी म्हणाले. "जुनं हाय. बसत नाई."

इतके दिवस मला हे दोन शब्द त्यांना ऐकवायचे होते. ऐकवले. तोंडात ग्रीसची चव आल्यासारखं झालं.

बाबांनी अमोलकडं हात केला. त्यानं खुशालरावांना फोन लावून दिला, सवयीनं स्पीकरवर. "हं, बोला मिस्त्री," खुशालराव म्हणाले. मागं गाडी चालल्याचा आवाज.

"ते इंजन बसत नाई, खुशालराव."

"बसलं ना राजेहो. आज सकाळीच बसलं. मी घरीच जाऊन राहिलो तिच्यात, फर्स्टक्लास चालून राहिली."

"बसत नाई. एकशे सोळा दात हायत त्याले. बाजूले उभी करा."

"कोण म्हणते?"

बाबा थांबले. गॅरेजमध्ये अमोल होता, दाराशी चहावाला होता, चहावाल्याकडची दोन गिऱ्हाइकं होती. "नीलम म्हणते," ते म्हणाले. "माही पोरगी. आयटीआयले इंजनच शिकवते ते. तिनं मोजले."

"चार दिवसानं?" खुशालराव म्हणाले. रागानं नाही, हसत. आणि फोन ठेवला.

बाबा अमोलला म्हणाले, "अकोटपर्यंत जाईन गाडी. पुढं नाई. टोचनाची साखळी घे, ओढून आणा लागंल, अन् निघ. त्याच्या घरी पावणे येणार हायत." अमोलनं पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला, भिंतीवरची साखळी खांद्यावर टाकली आणि गेला. किल्ली अजून बाबांच्या खिशातच होती, कोणाला आठवलं नाही.

आम्ही दोघं उरलो. मला त्यांना सांगायचं होतं की मी चार दिवस काय लिहीत होते आणि काय पुसत होते. नाही सांगितलं. मला अजूनही राग येत होता, त्यांचा, त्या 'का'चा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या पूर्णविरामाचा. एकेचाळीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो प्रश्न माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता आणि मी ड्रॉवर गुडघ्यानं बंद केला होता.

"दोनदा मोजले?" बाबांनी विचारलं.

"एकदाच."

"पुन्हा मोज."

आता मोजून काही उपयोग नव्हता. गाडी गेली होती, इंजिन गेलं होतं, उत्तर कोणालाच नको होतं. मी बाकावरचा पेढ्यांचा पुडा बाजूला सारला, त्यांच्याजवळ बसले आणि खडूच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात केली.